रांजणात ठेवलेला रोजा

यंदा रमजान गोधडीच्या दिवसांत आला. पहाटे सहरीच्या जेवणाला उठलं की फरशी पायाला चावते आणि तोंडातून वाफ निघते. हा महिना दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो. थंडीतून पावसाळ्यात, पावसाळ्यातून उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातून परत थंडीत. माझ्या आयुष्यात त्यानं दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. मशिदीच्या पायरीवर लोक म्हणतात, "चाचा, यंदा बरं हाय, रोजा जड जायचा न्हाई." मी हाव म्हणतो. पण मला या महिन्याची भीती वाटते, तो थंडीत येवो की उन्हात.

मी जातीचा पिंजारी. देगलूरला गाद्या-गिरद्या भरण्यात जन्म गेला. सातवी शिकलो, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. तेव्हा नीट लिहायची हमी देत नाही. कापूस पिंजताना उडतो आणि कुठंही जाऊन बसतो, माझ्या आठवणींचंही तसंच आहे.

आमच्या मधल्या खोलीत एक रांजण आहे. कमरेएवढा, काळपट, पोटावर एक जुनी चीर, तिला सिमेंट लावलेलं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तो भरून ठेवायचा. लहान पोरांचा रोजा या रांजणात ठेवायची रीत आमच्या घरात माझ्या आईपासूनची. पोरगं मोठ्यांचं बघून हट्ट करतं, मला पण रोजा. सहरीला उठून बसतं, भाकरी खातं, आणि दुपारी बाराला त्याचं तोंड उतरतं. तेव्हा त्याला म्हणायचं, तुझा रोजा रांजणात ठेव, जेव, मग परत काढून घे. कुणाच्या घरी एका दाढेचा रोजा सांगतात. उजव्या दाढेनं खायचं, डाव्या दाढेचा रोजा शाबूत. सगळ्यांचा हेतू एकच, की पोराचा मान राहावा आणि पोटही भरावं.

ही रीत कुणी आमच्या खैरूनसारखी चालवली नाही. खैरून म्हणजे माझी बायको. असरची नमाज झाली, म्हणजे रोजा सोडायला दीडेक तास उरला, की पोरं चिडचिडी होतात. बरोबर त्या वेळेला ती ओट्यावर फाटकी चादर अंथरायची आणि गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा करायची. त्यात शेजारच्या मास्तरीणबाईंची नात पण असायची. खैरूनच्या गोष्टीत नुसतं ऐकत बसायची सोय नव्हती. एकाला ती चांद करायची, त्यानं दाराआड लपायचं. एकाला अजान द्यायची. एकीला चिमणी करायची. चांद बनलेल्याला दम निघायचा नाही, तो वेळेआधीच बाहेर यायचा, मग बाकीची पोरं त्याला ढकलून परत दाराआड घालायची. "अरे, अजून आधीचा शाबान महिनाच चालू हाय, मुडद्या, आत जा," असं ती म्हणायची आणि पोरं हसून लोळायची.

गोष्ट नेहमी चिमणीची. उंटानं रोजा धरला, बैलानं धरला, मग चिमणीला वाटलं आपणही धरावा. पण चिमणीचं पोट ज्वारीच्या दाण्याएवढं. दुपारी तिचे डोळे फिरले. तेव्हा तिनं रोजा हळूच रांजणात ठेवला, दाणे टिपले, पाणी प्याली आणि अजानीच्या आधी परत काढून घेतला. वरून बघणाऱ्याला सगळं दिसत होतं, पण तो काही बोलला नाही. एवढीच गोष्ट. पण ती सांगताना खैरून फार चुकायची. "मग उंट उडून रांजणावर बसला," म्हणायची. पोरं ओरडायची, "उंट न्हाई दादी, चिमणी." "हाव का? म्हातारी झाले रे, ध्यानात राहत न्हाई." दुसऱ्या दिवशी तिथंच परत चुकायची.

मी पुढच्या खोलीत मशीनवर कापूस पिंजत असायचो. माझ्या कानावर तुकडे यायचे. मला वाटायचं, साखरेच्या आजारानं हिचं डोकं खाल्लं. एकदा नांदेडच्या डॉक्टरला मी सांगितलंसुद्धा की ही विसरते. खैरून येताना बसमध्ये तोंडाला पदर लावून हसत राहिली. मी विचारलं, काय झालं हसायला? म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं. कापूस पिंजा तुमी."

चाळीस वर्षं त्या गोष्टी माझ्या घरात चालल्या आणि मी एकही पुरी ऐकली नाही.

ती गेली तेव्हा रमजान वैशाखाच्या तोंडावर होता. पत्रे तापून तडतड वाजायचे. तिला साखरेचा आजार. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मौलानांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मी पण एकदा सांगितलं. ती म्हणाली, "सुट्टी मागायला मी काय शाळंत हाय का?" मी हसलो. तिथं हसायला नको होतं.

महिना सरत आला होता. असरनंतर ती मधल्या खोलीत रांजणाला टेकून बसली. कपाळाला घाम, हात गार, जीभ जड. मी तांब्या भरून तिच्या तोंडाला लावला. तिनं दात मिटून घेतले. मान हलवून म्हणाली, "दीड तास तर राह्यलाय." मी तांब्या खाली ठेवला.

एवढंच मी केलं, तांब्या खाली ठेवला. मग ती कलंडली. नांदेडला नेलं, ईद दवाखान्याच्या वऱ्हांड्यात गेली, आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी तिला चादरीखाली घेऊन परत आलो. लोक म्हणाले, नशीबवान, रोजात पडली. मला त्यांच्या तोंडावर काही फेकून मारावंसं वाटलं. तेव्हापासून मला मिटलेल्या दातांची भीती बसली. झोपलेल्या माणसाचं तोंड मिटलेलं दिसलं तरी मी थांबून श्वास बघतो.

पुढच्या वर्षी रमजान आला तेव्हा मुलानं लातूरहून सून आणि नाती इकडं पाठवल्या. अब्बा एकटे राहायला नकोत, म्हणून. मोठी आफ्रीन, सहा वर्षांची, दर रमजानला येऊन दादीच्या चादरीवर बसलेली. धाकटी सानिया तेव्हा कडेवर. घरात आम्ही दखनी बोलतो, पण आफ्रीन लातूरला मराठी शाळेत, तिच्याशी आपसूक मराठीच निघते. पहिल्याच दिवशी असरला ती फाटकी चादर ओट्यावर टाकून बसली. गल्लीतली पोरं पण येऊन बसली. मी मशीन चालू ठेवलं. ती आत आली. आज्याला आमच्यात दादा म्हणतात.

"दादा, चला."

"कुठं?"

"गोष्टीला. दादी न्हाई, तर तुमची पाळी."

मोठमोठ्या गोण्या उचललेला माणूस मी, पण आठ पोरांसमोर बसायला मला घाम फुटला. मला गोष्ट येतच नव्हती. कुणाला चांद करायचं ते आठवेना. मी सुरुवात केली, दोन वाक्यांत गोष्ट संपली. पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वेळ मारून न्यायला मी जुम्म्याला मशिदीत ऐकलेलं मोठ्यांचं बोलणं त्यांच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, जो पुरा रोजा धरतो, त्यानं रोजा सोडायच्या वेळी मागितलेली दुआ वाया जात नाही.

आफ्रीननं विचारलं, "कुठलीही?"

"कुठलीही."

मला वाटलं, बरं जमलं.

दुसऱ्या दिवशी उन्हानं कहर केला होता. सुनेनं बाराला पोरीला जेवायला हाक मारली, तर ती म्हणाली, मास्तरीणबाईंकडं जेवले. बाईंना सांगितलं होतं, घरी जेवले. मी पुढच्या खोलीत होतो. चारच्या सुमारास वीज गेली, मशीन थांबलं, आणि घर एकदम शांत झालं तेव्हा मला आतून काही घासल्याचा आवाज आला.

आफ्रीन रांजणाला टेकून बसली होती. बरोबर त्याच जागेवर. गाल रांजणाच्या गार पोटाला लावलेला. ओठ पांढरे, त्यावर पापुद्रे. डोळे अर्धे उघडे. नखानं ती सिमेंटची चीर खरवडत होती.

मला क्षणभर पोरगी दिसलीच नाही, खैरून दिसली. मी ओरडलो का नाही, आठवत नाही. सून पळत आली. मी तांब्या बुडवून पोरीच्या तोंडाला लावला.

तिनं दात मिटले.

"आफ्रीन, पी."

मान हलवली.

"अगं, लहान हायस तू. तुझा रोजा रांजणात ठेव अन् पी."

"तुमाला न्हाई येत ठेवायला." आवाज कागदासारखा. "तुमी हरवाल."

"न्हाई हरवत. कशापायी करून राहिलीस हे?"

"दादीला मागायचंय," ती म्हणाली. "पुरा धरल्यावर मिळंल ना?"

सून तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरला. आवाजानं मास्तरीणबाई आल्या, दारातूनच म्हणाल्या, "भाई, जबरदस्ती करू नका, ठसका लागेल. मी मीठ-साखरेचं पाणी आणते. तुम्ही तिला बोलतं ठेवा. झोपू देऊ नका." असं म्हणून त्या गेल्या. बोलतं ठेवा. कशानं ठेवू? माझ्या बोलण्यानंच तर ही पोर इथं आली होती. हातात तांब्या, समोर मिटलेले दात, आणि आदल्या साली मी तो तांब्या खाली ठेवला होता. या वेळी मी तो ठेवणार नव्हतो, पण ठेवणार नाही म्हणजे काय करणार, तेही कळत नव्हतं.

मग मी गोष्टच सुरू केली. दुसरं माझ्याकडं काही नव्हतं.

"एक कावळा होता. त्यानं रोजा धरला."

तिच्या कपाळाला आठी पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "चिमणी."

"हाव, चिमणी. तिचं पोट शेंगदाण्याएवढं..."

"ज्वारीच्या दाण्याएवढं."

"ज्वारीच्या. तिला तहान लागली, मग ती नदीवर गेली..."

"रांजणावर." डोळे थोडे उघडले. ती माझ्यावर चिडली होती. मला ते चिडणं बघून रडायला आलं.

"रांजणावर. अन् तिनं काय केलं, रोजा पंखात धरला..."

"चोचीत, दादा. पंखात कसा धरंल? मग उडंल कशी?"

"खरं हाय. चोचीत धरला, अन् टाकला आत."

"टाकत न्हाईत." ती सरळ बसायचा प्रयत्न करायला लागली. मी पाठीला हात लावला, पाठ तव्यासारखी. "हाताची ओंजळ करायची. आत फुंकायचं. मग झाकणी थोडी सरकवायची, अन् पाण्याला हात न लावता सोडायचा. मग रांजणावर तीनदा वाजवायचं. अन् म्हणायचं."

"काय म्हणायचं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की चाळीस वर्षं हा माणूस या घरात काय करत होता?

"रोजा रोजा, गार बस. अजानीला वर ये."

"मला न्हाई जमत," मी म्हटलं. "तू दाखव."

आणि तिनं दाखवलं. ओंजळ केली. आत फुंकर घातली, ती फुंकर मला ऐकू पण आली नाही. मी झाकणी सरकवली, तिनं ओंजळ पाण्यावर उघडली. तीनदा वाजवायला बोटात जोर नव्हता, म्हणून तिसऱ्यांदा मी वाजवलं. रोजा रोजा, गार बस. तोवर बाई पेला घेऊन आल्या होत्या. आफ्रीननं पहिला घोट घेतला तो उलटला. दुसरा राहिला. तिसरा राहिला. बाई म्हणत होत्या, "हळू, बाळा, चमच्यानं." मी मात्र झाकणी घट्ट धरून उभा होतो. कशाला, मला माहीत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी लागतं.

डॉक्टर येऊन गेले, म्हणाले आता धोका नाही. माझी भीती तेव्हा सुरू झाली. कारण अजान व्हायची होती.

रोजा सोडायची वेळ झाली. खजूर, केळी, भज्यांचं ताट. आफ्रीन उठली, रांजणाकडं गेली, तीनदा वाजवलं, ओंजळीत आपला रोजा काढून घेतला आणि ताटापुढं येऊन बसली. हात पसरले, डोळे मिटले. ओठ हलत होते. काय मागत होती ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सुनेनं खजूर हातात धरला तो तसाच. मी त्या दिवशी स्वतःसाठी काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, मालिक, या पोरीला खोटारडा आजा दिलास, आता तूच निस्तर.

तिनं डोळे उघडले आणि दाराकडं बघितलं. बाहेर संध्याकाळ, एक सायकल गेली, कुणाची तरी शेळी ओरडली. ती बघत राहिली. मी दार लावून घ्यावं म्हणून उठलो आणि परत बसलो. दार लावायची माझी छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं केळं सोललं. एक घास खाल्ला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, दादी मुद्दाम चुकायची. तुमी खरंच चुकता."

एवढंच. परत कधी तिनं तो विषय काढला नाही. ती दुआ कुठं गेली, हे मौलानांना विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही. त्या रात्री मला पडल्या पडल्या बस आठवली, तोंडाला पदर लावून हसणारी खैरून आठवली. ती विसरत नव्हती. गोष्टीत भोकं ठेवत होती, पोरांनी बुजवावीत म्हणून. आणि मी तिला डॉक्टरकडं घेऊन गेलो होतो. विसरत तर मी होतो.

त्यानंतर मी कधी गोष्टीला बसलो नाही. असर झाली की मशीन लावायचो. आवाजात कुणी बोलवत नाही.

यंदा सांगायचं एवढ्यासाठी, की दिवाळीनंतर मलाही साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोजे धरायचे नाहीत, गोळ्या वेळेवर, पाणी भरपूर. मी हाव म्हटलं. आणि चांद दिसल्यावर कुणाला न सांगता पहिला रोजा धरला. सहरीला भाकर खाल्ली, गोळी उशाखाली सरकवली. खैरून उन्हातान्हात तहानलेली गेली, आणि मी थंडीत बसून घटाघटा पाणी पिऊ? माझा हिशोब एवढाच होता. लोकांना वाटेल श्रद्धा. श्रद्धा नव्हती. शिक्षा होती.

आफ्रीन आता दहाची. ती आणि सानिया आल्यात. त्याच दिवशी असरला ओट्यावर चादर पडली. आता गोष्ट आफ्रीन सांगते. मी मधल्या खोलीत रांजणाशी बसून ऐकत होतो. "मग उंट उडून रांजणावर बसला," ती म्हणाली, आणि पोरं ओरडली, "चिमणी, चिमणी." तेच चुकणं, त्याच जागेवर. मला घाम आला. थंडीत घाम. हात गार पडले होते आणि बोटं माझी वाटत नव्हती. गोष्ट लांब जायला लागली, जशी कुणी ती दुसऱ्या गल्लीत नेऊन सांगतंय.

हा घाम मी ओळखत होतो. मी तो दुसऱ्याच्या कपाळावर बघितला होता.

ओट्यावरचा आवाज थांबला. आफ्रीन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या ओठांकडं बघितलं. दहा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर मी माझीच भीती बघितली, जशीच्या तशी. ती ओरडली नाही. तिनं मागं वळून हाक दिली, "सानिया, सगळ्यांना आत आण. आता दादांची पाळी."

पोरं आली, रांजणाभोवती बसली. सानियानं विचारलं, "दादांचा रोजा एवढा मोठा, यात मावंल का?"

"थोडं पाणी सांडंल," आफ्रीन म्हणाली. "दादा, ओंजळ करा."

मी म्हटलं, "दीड तास तर..." आणि तिथंच थांबलो. ते शब्द माझे नव्हते.

आफ्रीनचा हात तांब्यावर होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एक कावळा होता. त्यानं रोजा धरला."

आठ पोरं माझ्याकडं बघत होती. कुणीच तिला सुधारलं नाही. तिनं त्यांना खुणावलं असावं.

"चिमणी," मी म्हटलं.

ओंजळ केली. आत फुंकर घातली. पाण्याला हात न लावता सोडला. तीनदा वाजवायला लागलो तर तिसऱ्यांदा सानियानं वाजवलं. रोजा रोजा, गार बस. मी गुळाचा खडा मागितला, तो खाल्ला आणि पाणी प्यालो, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. पाण्याला मातीचा वास होता.

मग पोरं परत ओट्यावर गेली. मी गेलो नाही. मगरिबची, रोजा सोडायची अजान होईपर्यंत झाकणीवर हात ठेवून बसून राहिलो.